व्हिटॅमिन डी चा डोस पूर्ण झाला, तरी मुलाची बद्धकोष्ठता का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, दीड वर्षापासून चार-पाच दिवसांतून एकदा शी करतो, तीही रडत-कुंथत. रक्ततपासणीत व्हिटॅमिन डी १४ आलं, डॉक्टरांनी दिलेला डोस पूर्ण झाला, पण पोट काही साफ होत नाही. म्हणून विचारताय की डी चा आणखी एक कोर्स करावा का.

आपल्या मनाने अजिबात करू नका. मी डॉक्टर नाही, पण माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही हेच अडीच वर्षं भोगलंय. त्यातले आठ महिने तर मी 'डी वाढलं की पोटही सुरळीत होईल' याच आशेवर काढले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी तो १४ चा आकडा. मुलांमध्ये प्रति मिलिलिटर १२ नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरं आणि २० च्या वर पुरेसं, असं साधारण धरतात. काही डॉक्टर २० च्या खालच्या सगळ्यालाच कमतरता म्हणतात, त्यामुळे दोन ठिकाणी दोन गोष्टी ऐकायला मिळतात. १४ वर उपचार केलेत ते बरंच झालं, पण तो उपचार हाडांसाठी होता. डी कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि फारच कमी पडलं तर मुडदूस होतो. मुडदूस खूप वाढला तर स्नायूही ढिले पडतात, आणि अशा मुलाला शीला जोर लावणं जड जाऊ शकतं. धावणाऱ्या, जिने चढणाऱ्या मुलात मात्र दीड वर्षाच्या बद्धकोष्ठतेचं खापर १४ वर फोडता येत नाही.

मग दोन्ही तक्रारी एकाच मुलात इतक्या वेळा का दिसतात? कारण दोन्ही एकाच दिनक्रमात वाढतात. मूल घरातच बसून असतं, मोजकंच खातं, खेळ कमी. खिडकीशी बसून ऊन अंगावर घेतलं तरी डी तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. त्यात पोट दुखणारं मूल बाहेर खेळायला आणखीच नको म्हणतं.

जास्तीच्या डी ची भीती मी उगाच घालत नाहीये. प्रमाणाबाहेर डी गेलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि वाढलेल्या कॅल्शियमचं एक ठळक लक्षण बद्धकोष्ठताच आहे. सोबत भूक मरणं, उलट्या, खूप तहान, वारंवार लघवी, आणि पुढे मूत्रपिंडांना इजा. एक वर्षानंतर मुलाची रोजची गरज साधारण ६०० युनिटची असते. आठवड्यातून एकदा द्यायचा जास्त ताकदीचा डोस चुकून रोज दिला गेला, तर हिशेब कुठल्या कुठे जातो. डी बरोबर कॅल्शियमचं किंवा लोहाचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही काही मुलांची शी घट्ट होते.

आता खरा मुद्दा. माझी मुलगी पडद्यामागे जाऊन उभी राहायची. टाचा उचललेल्या, पायांची कात्री घातलेली, चेहरा लालबुंद, हाताने सोफ्याची कड गच्च धरलेली. आम्ही म्हणायचो, किती जोर लावतेय पोर! एकदा मी त्याचा व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञ बाईंना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, ती शी काढत नाहीये, ती शी धरून ठेवतेय."

माझ्यासाठी सगळं तिथे उलगडलं. कधीतरी एकदा कडक खडा होतो, चीर पडते, दुखतं. मूल ठरवतं, आता जायचंच नाही. धरून ठेवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी मोठी आणि कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. हळूहळू गुदाशय ताणला जातो आणि 'लागली' ही जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डीला डाग पडतात. त्या डागांवरून मी तिला रागावले आहे, मोठी झालीस तरी कळत नाही का म्हणून. तिला खरंच कळत नव्हतं. तुमच्या मुलाच्या चड्डीला डाग पडत असतील तर कृपा करून त्याला रागावू नका.

या चक्रात अडकलेल्या मुलाचा साठा आधी मोकळा करावा लागतो आणि मग शी बराच काळ मऊ ठेवावी लागते. २०१४ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दोन्हीसाठी पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलला आहे. ही पाण्यात मिसळून द्यायची पावडर. ती शीमध्ये पाणी धरून ठेवते, अंगात जवळजवळ शोषलीच जात नाही. डोस वजनावर असतो आणि साठा काढतानाचा डोस नंतरच्या रोजच्या डोसापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

आमची सगळ्यांत मोठी चूक म्हणजे चार दिवस शी नीट झाली की 'सवय लागेल' म्हणून मी औषध थांबवायचे. दोन आठवड्यांत पुन्हा पडदा. या औषधाने आतडं आळशी होत नाही, उलट ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत व्हायला वेळ मिळतो. त्या सूचनांप्रमाणे किमान दोन महिने औषध चालवायचं, सगळी लक्षणं जाऊन निदान एक महिना झालेला असला पाहिजे, आणि मग हळूहळू कमी करायचं. आम्हाला चौदा महिने लागले.

त्याबरोबर बैठक. जेवण झालं की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, तेव्हाच पाच-दहा मिनिटं बसवा. मुलीचे पाय कमोडवरून लोंबकळायचे, आधार नसला की जोर लागत नाही. पायांखाली ठोकळा ठेवला, गुडघे कमरेच्या वर आले, आणि फरक दिसला. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी.

फळं, भाज्या, पाणी वयाला पुरेसं हवं, पण आत गोळा अडकलेला असताना भरमसाट चोथा दिला तर भर वाढते, इतकंच. काही मुलांत गाईच्या दुधातल्या प्रथिनांमुळे बद्धकोष्ठता होते. औषधं नीट देऊनही गुण नसेल तर डॉक्टर दोन-चार आठवडे दूध बंद करून बघतात. हे घरच्या घरी करू नका, कारण दूध गेलं की कॅल्शियमची सोय वेगळी लावावी लागते, आणि तुमच्याकडे डी आधीच कमी आहे.

एक शक्यता मात्र नक्की विचारा. डोस नीट देऊनही डी वाढत नसेल, उंची-वजन अडकलं असेल आणि बद्धकोष्ठताही हटत नसेल, तर सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो) आणि थायरॉइड तपासायचं का? अशा वेळी दोन्ही तक्रारींमागे खरंच एकच कारण निघू शकतं. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, पोट खूप फुगतं, हिरवी उलटी होते, चीर नसताना रक्त पडतं, पाय कमजोर वाटतात, यातलं काहीही असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: शी कधी झाली, खडे की मऊ, डाग पडले का. तो धरून ठेवतो तेव्हाचा व्हिडिओ आणि आजवर दिलेल्या डी च्या बाटल्या, पाकिटंही न्या, म्हणजे एकूण किती गेलं ते कळेल. डी ची पुढची तपासणी कधी करायची ते त्याच भेटीत ठरवून घ्या, आणि तोवर डॉक्टरांनी रोजचा ठरावीक डोस सांगितला असेल तर तेवढाच द्या.