संगणक-शंका : टूलबारवरची चालू-बंद बटणे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. विषय आहे टूलबारवरच्या टॉगल बटणांचा, म्हणजे एकदा क्लिक केल्यावर दाबलेलेच राहणारे आणि पुन्हा क्लिक केल्यावर सुटणारे बटण. साधे बटण केवळ एक काम करून मोकळे होते. टॉगल बटण काम तर करतेच, शिवाय सध्या काय चालू आहे आणि काय बंद आहे हेही सांगत राहते. पुढच्या चारही शंकांचे मूळ या दुहेरी जबाबदारीत आहे.

प्रश्न (सांगलीहून एक प्राध्यापक) : पायथन ही भाषा आणि पायक्यूटी ६ (खिडक्या-बटणे बनवण्याचा ‘क्यूटी’ हा संच पायथनमधून वापरू देणारे साधन) वापरून मी विद्यार्थ्यांसाठी मराठी मजकुराचा एक छोटा संपादक तयार करत आहे. टूलबारवर ‘ठळक’ हे टॉगल बटण आहे. कर्सर ठळक शब्दात गेला की बटण दाबलेले दिसावे यासाठी मी थोडा कोड वाढवला, आणि तेव्हापासून नुसता मजकूर निवडला तरी तो कधी आपोआप ठळक होतो, तर कधी त्याचा ठळकपणा निघून जातो. चूक सापडत नाही. शिवाय डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे या तीन बटणांपैकी दोन-दोन बटणे एकाच वेळी दाबलेली दिसतात.

उत्तर : आपण पाठवलेल्या कोडमधली स्वरूप बदलण्याची पद्धत बरोबर आहे; चूक आहे ती बटणाचा संकेत जोडताना. क्यूटीमध्ये बटण, मेनू आणि शॉर्टकट यांच्यामागे असलेल्या आज्ञेला ‘ॲक्शन’ म्हणतात, आणि काही घडले की ती इतर कोडला जी वार्ता देते तो ‘संकेत’. ज्या ॲक्शनवर ‘सेटचेकेबल’ लावलेले असते, म्हणजे जी चालू-बंद होऊ शकते, तिच्याकडून दोन वेगवेगळे संकेत मिळतात. ‘टॉगल्ड’ हा संकेत बटणाची स्थिती बदलली की निघतो, मग ती वापरणाऱ्याने क्लिक करून बदललेली असो की आपल्याच कोडने ‘सेटचेक्ड’ म्हणून बदललेली असो. ‘ट्रिगर्ड’ हा संकेत मात्र वापरणाऱ्याने बटण, मेनू किंवा शॉर्टकट वापरून ती ॲक्शन प्रत्यक्ष चालवली किंवा कोडने मुद्दाम ‘ट्रिगर’ म्हणून चालवली तरच निघतो. ‘सेटचेक्ड’ने तो निघत नाही. आपण अक्षरे ठळक करणारे फंक्शन ‘टॉगल्ड’ला जोडले आहे, आणि त्यामुळे बटणाचे चित्र बदलायला गेलेला कोड मजकूरच बदलून बसतो.

हे नेमके कसे घडते ते एका वाक्यावर पाहू. ‘ग्रंथालय सोमवारी बंद राहील’ या वाक्यातला ‘सोमवारी’ हा एकच शब्द ठळक आहे, असे समजा. आपण वाक्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवला आणि शिफ्ट धरून उजव्या बाणाने एकेक अक्षर निवडत निघालात. क्यूटीचा मजकूर-संपादक कर्सरच्या लगेच आधी असलेल्या अक्षराचे स्वरूप ‘चालू स्वरूप’ म्हणून धरतो. कर्सर ‘सो’ ओलांडून पुढे गेला की चालू स्वरूप ठळक होते, आपला नवा कोड बटण दाबलेले करतो, ‘टॉगल्ड’ निघतो आणि ठळक करणारे फंक्शन चालते. त्या क्षणी निवड असते ‘ग्रंथालय सो’ एवढ्या मजकुराची, आणि निवड असताना अक्षरांचे वजन (ठळकपणा) बदलण्याची आज्ञा संपूर्ण निवडीला लागू होते, त्यामुळे ‘ग्रंथालय’ही ठळक होते. पुढे ‘सोमवारी’ संपून साधी मोकळी जागा आली की उलटा प्रकार घडतो: बटण सुटते, पुन्हा ‘टॉगल्ड’ निघतो आणि तोवर निवडलेला सगळा मजकूर साधा होतो. मूळचा ठळक ‘सोमवारी’ही त्यात जातो. वापरणाऱ्याने यात बटणाला हातही लावलेला नसतो.

उपाय असा की मजकूर बदलणारे फंक्शन ‘ट्रिगर्ड’ला जोडावे, आणि चालू स्वरूप बदलले की निघणाऱ्या ‘करंटकॅरफॉरमॅटचेंज्ड’ या संकेताला जोडलेल्या फंक्शनने केवळ ‘सेटचेक्ड’ करावे, दुसरे काहीही करू नये. काही जण ‘टॉगल्ड’ तसाच ठेवून बटणाची स्थिती बदलण्यापुरते ‘ब्लॉकसिग्नल्स’ने सगळे संकेत अडवतात. तो मार्ग मी सुचवणार नाही, कारण ॲक्शनचे संकेत अडवले की तिची स्थिती बदलल्याची वार्ताही अडते, आणि त्या वार्तेवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या कोडला बदल कळतच नाही. त्यातून नवा दोष जन्माला येऊ शकतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘ठळक’साठी टूलबारवर एक आणि मेनूत दुसरी अशा दोन ॲक्शन आपण केल्या आहेत. त्याऐवजी एकच ॲक्शन तयार करून ती दोन्हीकडे जोडावी आणि कंट्रोल-बी हा शॉर्टकटही तिलाच द्यावा. मग कुठूनही बदल केला तरी टूलबारवरचे बटण आणि मेनूतली बरोबरची खूण आपोआप एकसारखी राहते, आणि त्यासाठी एक ओळही वेगळी लिहावी लागत नाही. खरी स्थिती असते ती मजकुरात. ॲक्शन तिचे प्रतिबिंब दाखवते आणि बटण ॲक्शनचे. जिन्यातला दिवा खालच्या आणि वरच्या अशा दोन बटणांनी लागतो, तेव्हा एखादे बटण वर आहे की खाली यावरून दिवा चालू आहे का ते कळत नाही, त्यासाठी दिव्याकडेच पाहावे लागते. संपादकात तो दिवा म्हणजे मजकूर.

संरेखनाच्या, म्हणजे डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे या, तीन बटणांसाठी त्या तिन्ही ॲक्शन एका ‘क्यूॲक्शनग्रुप’मध्ये घालाव्यात. हा गट मुळातच एकाधिकारी असतो, म्हणजे त्यातली एक ॲक्शन दाबली की आधीची सुटते आणि दाबलेलीवर पुन्हा क्लिक केले तरी ती सुटत नाही. परिच्छेदाला काही ना काही संरेखन असतेच, त्यामुळे हेच वर्तन येथे योग्य आहे. घातांक आणि पादांक या जोडीचे मात्र तसे नाही. दोन्ही एकदम चालू असू शकत नाहीत, पण दोन्ही बंद असणे ही तर नेहमीची अवस्था आहे. अशा जोडीसाठी क्यूटी ५.१४ पासून ‘एक्सक्लूसिव्हऑप्शनल’ हे धोरण उपलब्ध आहे. जाता जाता एक सूचना: क्यूटी ६ मध्ये ‘क्यूॲक्शन’ आणि ‘क्यूॲक्शनग्रुप’ हे दोन्ही वर्ग ‘क्यूटीविजेट्स’मधून ‘क्यूटीजीयूआय’मध्ये हलवले गेले आहेत. पाचव्या आवृत्तीसाठी लिहिलेले जुने धडे समोर ठेवून काम करणाऱ्यांचा प्रोग्राम त्यामुळे पहिल्याच इम्पोर्टला अडतो.

निवडलेल्या मजकुरातला काही भाग ठळक आणि काही साधा असेल तेव्हा बटणाने काय दाखवावे, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. क्यूटीच्या ॲक्शनला दोनच अवस्था असतात, ‘मिश्र’ अशी तिसरी नसते. अशा वेळी बटण सुटलेले दाखवावे आणि त्यावर क्लिक केल्यास संपूर्ण निवड ठळक करावी, असे माझे मत आहे, कारण मिश्र मजकूर निवडून ‘ठळक’ दाबणाऱ्याला बहुधा सगळेच ठळक हवे असते. त्यासाठी केवळ कर्सरच्या आधीचे अक्षर पाहून भागणार नाही, निवडीतला प्रत्येक तुकडा तपासावा लागेल. एवढे कष्ट घेण्यासारखी ही गोष्ट नक्कीच आहे.

प्रश्न (पुण्याहून अभियांत्रिकीची विद्यार्थिनी) : माझ्या प्रोग्राममध्ये ‘मोजपट्टी दाखवा’ हे टॉगल बटण आहे. ते बंद करून प्रोग्राम मिटवला आणि पुन्हा उघडला, तर मोजपट्टी दिसतेच. ‘क्यूसेटिंग्ज’च्या (प्रोग्रामच्या निवडी साठवणाऱ्या क्यूटीच्या सोयीच्या) फाइलमध्ये मूल्य व्यवस्थित ‘फॉल्स’ असे लिहिलेले आहे. मी लिनक्स वापरते.

उत्तर : फाइलमधले ते ‘फॉल्स’ म्हणजे पाच अक्षरांचा मजकूर आहे. त्या फाइलमध्ये सगळी मूल्ये मजकुराच्या रूपात साठवली जातात, आणि प्रोग्राम नव्याने उघडल्यावर पायक्यूटीला ती मजकूर म्हणूनच परत मिळतात. पायथनच्या दृष्टीने रिकामा नसलेला कोणताही मजकूर सत्य असतो, त्यामुळे आपली ‘जर’ची अट पूर्ण होते आणि मोजपट्टी दिसते. प्रोग्राम चालू असताना लगेच तपासून पाहिले तर मूल्य योग्य प्रकारचे मिळते, म्हणून हा दोष सहसा लक्षात येत नाही. मूल्य वाचताना ‘व्हॅल्यू’ या फंक्शनला नाव आणि गृहीत मूल्य यांच्याबरोबर ‘टाइप’ हा घटकही द्यावा आणि तो ‘बूल’ ठेवावा. तेवढ्याने काम होईल.

‘सेव्हस्टेट’ वापरूनही बटणाची अवस्था टिकत नाही, अशी आपली दुसरी तक्रार आहे. ते फंक्शन टूलबार आणि कडेच्या पॅनलांची जागा व दृश्यता लक्षात ठेवते; टूलबारवरच्या बटणांची अवस्था लक्षात ठेवणे हे त्याचे कामच नाही. तसेच प्रत्येक टूलबारला ‘सेटऑब्जेक्टनेम’ने स्वतःचे नाव दिल्याशिवाय त्याची जागासुद्धा परत मिळत नाही. मोजपट्टी हे ‘क्यूडॉकविजेट’, म्हणजे खिडकीच्या कडेला बसणारे पॅनल, असेल तर मात्र स्वतःचे टॉगल बटण बनवूच नये. त्या विजेटकडे ‘टॉगलव्ह्यूॲक्शन’ या नावाची तयार ॲक्शन असते, तीच टूलबारवर घालावी. पॅनल त्याच्या कोपऱ्यातल्या फुलीने मिटवले तरी टूलबारवरचे बटण आपोआप सुटते. हातांनी बनवलेल्या बटणात नेमकी हीच बाजू विसरली जाते.

प्रश्न (नाशिकहून दिवाळी अंकाची मांडणी करणाऱ्या एक वाचक) : मी प्रोग्रामर नाही. लिबरऑफिस रायटरमध्ये परिच्छेदखुणा दाखवणारे बटण माझ्या टूलबारवरून नाहीसे झाले आहे. ते परत आणता येईल का? आणि मला कधीच लागत नाहीत ती बटणे काढता येतील का?

उत्तर : दोन्ही करता येईल. टूलबारच्या मोकळ्या भागावर उजवे क्लिक करावे आणि ‘व्हिजिबल बटन्स’ या उपमेनूत जावे. टूलबारच्या सर्व बटणांची यादी तेथे दिसते. ज्यांच्यापुढे खूण आहे ती दिसतात, खूण काढली की ती लपतात. परिच्छेदखुणांचे बटण ‘स्टँडर्ड’ या टूलबारच्या यादीत ‘फॉरमॅटिंग मार्क्स’ या नावाने सापडेल. ते मिळेपर्यंत कंट्रोल-एफ१० या कळांनीही तेच काम होते. मूळ यादीतच नसलेली आज्ञा टूलबारवर आणायची असेल, तर ‘टूल्स’ मेनूतल्या ‘कस्टमाइझ’मध्ये ‘टूलबार्स’ हा भाग उघडावा, शोधाच्या चौकटीत आज्ञेचे नाव लिहावे आणि मधल्या बाणाने ती उजवीकडच्या यादीत न्यावी. त्याच खिडकीत ‘स्कोप’ नावाची एक निवड असते, तिच्याकडे आवर्जून पाहावे: तेथे रायटर निवडले तर बदल सगळ्या दस्तऐवजांना लागू होतो, चालू फाइलचे नाव निवडले तर तो त्या फाइलपुरताच राहतो. अंकाच्या फाइलसाठी वेगळा, सुटसुटीत टूलबार हवा असेल तर ही सोय फार उपयोगाची आहे.

हे बटण मांडणीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हाताशी ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. लेखकांकडून आलेल्या मजकुरात शब्दांमध्ये दोन-दोन मोकळ्या जागा, परिच्छेद आत सरकवण्यासाठी दिलेले टॅब आणि अंतर वाढवण्यासाठी मारलेले रिकामे एंटर असतात. बटण दाबताच ते ठिपके, बाण आणि परिच्छेदखुणांच्या रूपात उघडे पडतात. या खुणा छापल्या जात नाहीत, त्यामुळे बटण दाबलेले राहिले तरी काळजीचे कारण नाही.

प्रश्न (ठाण्याहून एक दृष्टिहीन वाचक) : मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो. एका संकेतस्थळावर बैठकीसाठीचे बटण मला ‘आवाज चालू करा, दाबलेले’ असे ऐकू येते. आवाज चालू आहे की बंद, हे मला कळत नाही. दोष माझ्या मांडणीत आहे की त्यांच्या?

उत्तर : दोष पूर्णपणे बटण बनवणाऱ्यांचा आहे. वेबवरच्या टॉगल बटणाची अवस्था ‘एरिया-प्रेस्ड’ या गुणधर्माने सांगितली जाते आणि ती ‘ट्रू’, ‘फॉल्स’ किंवा ‘मिक्स्ड’ असू शकते. हा गुणधर्म वापरायचा ठरवला की बटणाचे नाव बदलायचे नाही, असा नियम आहे. नाव ‘आवाज बंद’ एवढेच ठेवले, तर ‘आवाज बंद, दाबलेले’ म्हणजे आवाज बंद आहे आणि ‘आवाज बंद, न दाबलेले’ म्हणजे चालू आहे, हे निःसंदिग्ध कळते. दुसरा मार्ग म्हणजे नाव प्रत्येक वेळी बदलायचे, एकदा ‘आवाज बंद करा’ आणि एकदा ‘आवाज चालू करा’, आणि ‘एरिया-प्रेस्ड’ मुळीच लावायचे नाही. तुम्ही ऐकता त्या बटणात हे दोन्ही मार्ग एकदम वापरलेले दिसतात. बैठकीत आपला आवाज इतरांना जातो आहे की नाही हे न कळणे ही लहान अडचण नाही. संकेतस्थळाच्या चालकांना आपण लिहावे आणि वरील दोनपैकी एकच मार्ग ठेवण्याची मागणी करावी, ती अगदी रास्त आहे.

डोळ्यांनी पाहणाऱ्यांनाही हाच घोळ वेगळ्या रूपात भोगावा लागतो. दाबलेल्या आणि सुटलेल्या बटणात केवळ हिरव्या-लाल रंगाचा फरक ठेवला, तर ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी ते बटण मुकेच राहते. वेब सुलभतेच्या २०१८ च्या २.१ या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती एकट्या रंगावर सोपवता येत नाही, आणि बटणाची अवस्था ओळखण्यासाठी लागणाऱ्या दृश्य खुणेचा लगतच्या रंगाशी किमान ३:१ इतका विरोध असावा लागतो. कडेची जाड रेघ, चित्रावर तिरकी काट अशी रंगाखेरीजची एखादी खूण द्यावीच. क्यूटीमध्ये काम करणाऱ्यांना एकाच चिन्हात चालू आणि बंद अशा दोन अवस्थांसाठी दोन चित्रे भरता येतात, त्यामुळे त्यांना तर काहीच अडचण नाही.

याच वाचकांनी असेही विचारले आहे की दिनदर्शिकेतल्या ‘महिना’ आणि ‘आठवडा’ या दृश्यांसाठी एकच टॉगल बटण ठेवावे का. तसे करू नये. टॉगल बटण चालू-बंद अशा गोष्टींसाठी असते, आणि ‘महिना’ सुटलेला आहे म्हणजे ‘आठवडा’ दिसतो आहे, हे बटणावरून कोणालाही उमगणार नाही. दोन्ही नावांची दोन वेगळी बटणे एका गटात ठेवावीत; उद्या ‘दिवस’ हे तिसरे दृश्य आले तर त्यालाही त्याच गटात जागा होईल.