वाचकांचे प्रश्न : किटमधलं बाल्साचं विमान

पाऊस लागला की माळावर रिमोटची विमानं उडवणं बंद होतं आणि घराघरांत किटं उघडली जातात. या वेळची बहुतेक पत्रं जोडणीची आहेत. उत्तरांत नमुना म्हणून सगळीकडे एकच विमान धरलं आहे : पंख टोकापासून टोकापर्यंत १.५ मीटर, रुंदी २५ सें.मी., तयार वजन १.३ किलो, इलेक्ट्रिक मोटर. तुमचं किट वेगळं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.

प्र. आषाढात पंख जोडला. पाटावर होता तोवर सरळ होता, टाचण्या काढून उचलला आणि दोन दिवसांत उजव्या बाजूला पीळ पडला. प्लॅनवर (किटमधल्या आराखड्यावर) तंतोतंत बसवला होता. चूक कुठे झाली? — एक वाचक, खानापूर

खानापूरच्या पावसात हे व्हायचंच. बाल्सा म्हणजे किटमधलं हलकं लाकूड दमट हवेत पाणी ओढतं, पण रेषांच्या दिशेने जवळपास फुगत नाही, आडवं फुगतं. पंखाच्या वरच्या अंगाला बाल्साचा पातळ पत्रा चिकटवला आणि खालचं अंग उघडं राहिलं, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या फुगतात, वेगवेगळ्या सुकतात. त्यात पांढरा फेव्हिकॉल सढळ हाताने लावला असेल तर त्यातलं पाणीही लाकडातच मुरतं.

किट आल्या आल्या जोडायला बसू नका. पाकीट फोडून पत्रे दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवे, वर सपाट वजन ठेवून राहू द्या. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक पत्रा तोला. ७५ मि.मी. × ९१५ मि.मी. × १.५ मि.मी.चा पत्रा १० ते १२ ग्रॅम भरला तर हलका, १६-१७ भरला तर जड. जड पत्रे पंखाच्या मध्यभागी आणि धडाच्या पुढच्या भागात लावा, हलके शेपटीला. डाव्या-उजव्या पंखाला जुळत्या वजनाचे पत्रे लावा. एक पंख जड झाला तर टोकाला शिसं चिकटवत बसावं लागतं.

पाट म्हणून फ्लश डोअर चालतो, वर सॉफ्टबोर्ड टाकला की टाचण्या सहज बसतात. पण दारालाही पावसाळ्यात बाक येतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधा. मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट दिसली किंवा एकाने दुसऱ्याला वर उचललं, तर पाटालाच पीळ आहे, आणि तो जसाच्या तसा पंखात उतरणार. प्लॅनवर पातळ प्लॅस्टिक पसरा, नाहीतर पंखाबरोबर प्लॅनही उचलून येईल. वरचा पत्रा बसवताना पंख पाटावरच हवा, आणि गोंद सुकला असं वाटल्यावरही रात्रभर तसाच राहू द्या. रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) खाली मागच्या कडेला पट्टी द्यायची विसरलात तर वरचा पत्रा दाबताना मागची कड खाली जाते. पिळाचं हे दुसरं नेहमीचं कारण.

पीळ मोजायचा तर पंखाच्या मुळाशी एक आणि टोकाशी एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या धरून मागून बघा. टोकाला मागच्या कडेत ३ मि.मी. फरक असेल तर पीळ पाऊण अंशाच्या जवळपास झाला. हे ट्रिमने (रिमोटवरच्या बारीक जुळवणीने) निघेल असं समजू नका. मागची कड खाली गेलेला पंख वेगात जास्त उचलतो म्हणून विमान दुसऱ्या बाजूला कलतं, आणि उतरताना वेग कमी झाला की तोच पंख आधी पडतो. ट्रिम फक्त एका वेगाला लागू पडते.

तुमचा पंख अजून उघडा आहे, तर किटलीच्या वाफेवर तो भाग ओला न करता नुसता दमट करा, उलटा पीळ देऊन पाटावर टाचण्यांनी बसवा आणि सुकेपर्यंत हात लावू नका. थोडा उरलाच तर फिल्म (इस्त्रीने चिकटवायचं पातळ प्लॅस्टिकचं आवरण) चढवताना काढता येतो. एकाने उलट्या बाजूला हवा त्याहून किंचित जास्त पिळून धरायचं, दुसऱ्याने वरून आणि खालून इस्त्री फिरवायची, आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही.

प्र. सुतारकाम येतं. फेव्हिकॉल, अराल्डाइट, फेव्हिक्विक सगळं दुकानात आहे. नेमकं कुठे काय लावू? — निपाणी

फर्निचरचा अंदाज इथे बाजूला ठेवा. तिथे गोंद जास्त झाला तरी बिघडत नाही, इथे तो वजन म्हणून राहतो. रिब आणि स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी काडी) यांच्या सांध्यांना फेव्हिक्विकच्या जातीचा झटपट गोंद, पण किटवाल्यांकडे मिळणारा मध्यम दाट. एकदम पातळ प्रकार नेमका बसलेल्या, फट नसलेल्या सांध्यात कडेने सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. बाल्सात झिरपताना तो गरम होतो, बोटावर पडला तर चटका बसतो, वाफ डोळ्यांना झोंबते. खिडकी उघडी ठेवा. दमट हवेत तो लवकर धरतो, म्हणून पावसाळ्यात भाग आधी कोरडाच बसवून बघा, मग गोंद सोडा.

जास्त जागा जुळवायच्या असतील तिथे, म्हणजे पत्रे जोडताना किंवा धडाच्या बाजू बसवताना, सुताराचा पिवळा गोंद बरा. पांढरा चालतो, पण सुकल्यावर रबरासारखा राहतो. पॉलिश पेपरने घासताना लाकूड घासलं जातं, गोंद तसाच उंच राहतो. दोन भागांचा इपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटच्या जातीचा, फक्त तीन ठिकाणी : मोटरची प्लायवूडची पाटी, पंखाच्या मध्याचा प्लायवूडचा सांधा आणि चाकांचा ठोकळा. तिथे पाच मिनिटांचा नको, तीस मिनिटांचा घ्या. पाच मिनिटांचा लाकडात मुरायच्या आधीच घट्ट होतो. मोटरची पाटी सुटून पंख्यासकट (प्रोपेलरसकट) पुढे निघून गेली, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

प्र. वरच्या आणि खालच्या स्पारमध्ये रिबांच्या दरम्यान चौकोनी तुकडे चिकटवायला सांगितले आहेत. कंटाळवाणं काम आहे. गाळले तर वजनही वाचेल ना? — शहापूर, बेळगाव

वाचेल, पाच-सहा ग्रॅम. आणि पहिल्या लूपमध्ये (हवेतल्या उभ्या गोल फेऱ्यात) पंख मधूनच दुमडेल. ठोकळ हिशेब असा. लूपमध्ये विमानावर सहज पाचपट भार येतो, म्हणजे साडेसहा किलो. अर्ध्या पंखावर सव्वातीन किलो, आणि तो मुळापासून साधारण ३३ सें.मी.वर काम करतो असं धरा. दोन स्पारमधलं अंतर अडीच सें.मी. तर मुळाशी वरच्या स्पारवर ४० किलोच्या वर दाब येतो आणि खालच्यावर तेवढाच ताण. वरचा स्पार हाताएवढ्या लांबीची बारीक काडी आहे. मधे आधार नसेल तर ती दबून बाजूला वाकते. ते तुकडे दोन्ही स्पारना एकमेकांपासून सरकू देत नाहीत, वाकू देत नाहीत.

लाकडाच्या रेषा उभ्या, खालून वर जाणाऱ्या हव्यात. आडव्या ठेवल्या तर तुकडा रेषेत चिरतो आणि नसल्यासारखाच होतो. मुळापासून निदान निम्म्या पंखापर्यंत एकही गाळू नका; त्यापुढे प्लॅनमध्ये नसतील तर सोडा. तुकडा सैल कापून फट गोंदाने भरणं ही पळवाट आहे. किंचित मोठा कापा आणि घासून बसवा.

प्र. सगळं झाल्यावर विमान दोन बोटांवर धरलं तर तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ९.५ सें.मी.वर येतो. प्लॅनमध्ये ७.५ लिहिलंय. दोन सें.मी.नं काय बिघडतं? — चिक्कोडी

असंच उडवू नका. मागे तोल असलेलं विमान एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या झडपेला) वेड्यासारखं ऐकतं. नाक वर जातं, तुम्ही दाबता, ते गरजेपेक्षा जास्त दबतं, आणि सावरायच्या आत जमीन येते. पुढे जड असेल तर उतरताना वेग जास्त लागतो, बाकी फारसं बिघडत नाही. या पंखाला ६.५ ते ८ सें.मी.च्या मधली कुठलीही जागा चालेल, पहिल्या उड्डाणाला ७च्या आसपास ठेवा.

दुरुस्तीसाठी १३०० ग्रॅमला २ सें.मी.ने गुणा, २६०० आले. मोटरची पाटी तोलाच्या जागेपासून २५ सें.मी. पुढे असेल तर तिथे १०४ ग्रॅम शिसं लागेल. ते नको. तीन सेलची २२०० एम.ए.एच. बॅटरी साधारण १८० ग्रॅमची असते. तीच साडेचौदा सें.मी. पुढे सरकवली की काम होतं. मोटरच्या पाटीमागे जागा नसेल तर एक फॉर्मर (धडातली आडवी चौकट) कोरून वाट करा, पण त्याची कड १० मि.मी. तरी शिल्लक ठेवा. तेही पुरत नसेल तर शेपूट हलकी करा. तोलापासून ७५ सें.मी. मागे १० ग्रॅम कमी झाले की पुढचे ३० ग्रॅम वाचतात. शेपटीवर दिलेला रंगाचा दुसरा हात, लोखंडी तारेचा जाड पुशरॉड (शेपटीच्या झडपा हलवणारी दांडी), मागच्या चाकाचा जाडजूड कंस : हे १० ग्रॅम बहुतेक तिथेच सापडतात.

आणि तोल बॅटरी बसवून, पंख लावून, खालच्या पंखाचं विमान असेल तर उलटं धरून बघा. बॅटरीविना बघितलेल्या तोलाला अर्थ नाही.

प्र. फिल्म ताठ चढवली होती, उन्हात नेली की सुरकुत्या. — संकेश्वर

दोन कारणं संभवतात. लाकूड दमट असताना चढवली असेल तर ते सुकून आकसलं आणि फिल्म सैल पडली. कोरड्या हवेत पुन्हा इस्त्री फिरवा. नाहीतर फिल्म नुसती चिकटली आहे, ताणलेली नाही. बऱ्याच फिल्मचा गोंद १०० ते ११० अंशांना धरतो, पण फिल्म खऱ्या अर्थाने आकसते १४०-१५०च्या आसपास. तुमच्या गुंडाळीवरचा आकडा प्रमाण माना. घरातली इस्त्री चालते, तळाला जुना सुती मोजा चढवा. आधी सगळ्या कडा पक्क्या चिकटवा, मग मधला भाग ताणा, आणि वरून एक फेरी दिली की खालून एक. एकाच बाजूने ताणत गेलात तर पंख पिळतो. गडद रंग उन्हात जास्त तापतात, हेही लक्षात ठेवा.

प्र. मोटर आणि बॅटरी किती? — येळ्ळूर

किलोला १५० ते २०० वॉट पुरतात, म्हणजे या विमानाला २०० ते २६०. तीन सेलवर २० ते २४ अँपिअर ओढणारी मोटर-पंखा जोडी, ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट). जोडी एकदा वॉटमीटरवर बघाच. एक इंच मोठा पंखा लावला की ईएससी तापून बसतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, हवा किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के विरळ. कोकणात सहज उठणारं विमान इथे थोडी जास्त धाव घेईल, त्यामुळे २६०च्या बाजूला राहा. टायमर ७ मिनिटांचा लावा. बॅटरी पूर्ण रिकामी करू नका, आणि उडवायचं नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.

प्र. आमच्याकडे चहूकडे ऊस. विमान त्यात पडलं तर? — निपाणीजवळून

पडताना दिसलं की आधी थ्रॉटल पूर्ण खाली. पाचटात अडकलेला पंखा फिरवत राहिलात तर ईएससी जळतो. जागचे हलू नका. विमान ज्या रेषेत गेलं तिच्या टोकाचं झाड किंवा खांब हेरून ठेवा आणि सोबतच्याला दुसऱ्या बाजूने तसंच करायला सांगा. दोन रेषा मिळतात तिथेच शोधा. रिसीव्हरला बझर लावलेला असेल तर कानानेच सापडतं. सापडल्यावर पहिली बॅटरी काढा. चेपलेली असेल तर उसाबाहेर मोकळ्या मातीवर नेऊन ठेवा, कारण ती थोड्या वेळाने पेट घेऊ शकते आणि खाली वाळलेलं पाचट असतं. नोव्हेंबरनंतर तोड सुरू झाली की ही काळजी कमी होते.

प्र. अनगोळच्या मोकळ्या जागेत उडवलं तर चालेल का? — बेळगाव

सांबऱ्याचा विमानतळ जवळ आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मुभा आहे. त्याखेरीज शहरात लष्करी भाग आहे. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची नेमकी जागा हिरव्यात, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात, येते का बघा, अंदाजाने अंतर धरू नका. जागा हिरवी असली तरी घरांजवळ पहिलं उड्डाण नकोच. गावाबाहेरचा गवताळ माळ बघा, विजेच्या तारा नसलेला, सकाळी आठच्या आत, वारा उठायच्या आधी. कापणीनंतरचं भातखाचर वरून सपाट दिसतं, पण बांधाला चाक अडकून नाक रुततं.

उडवण्याआधी विमानाच्या मागे उभे राहा आणि रिमोटवरची एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांची) काठी उजवीकडे न्या. उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. उलटं असेल तर रिमोटमध्ये त्या चॅनलची दिशा उलटी करा. मग विमान घट्ट धरायला सांगून थ्रॉटल थोडा द्या आणि रिमोट बंद करा. मोटर थांबली नाही तर फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटल्यावर मोटर बंद करणारी सोय) लावलेला नाही, तो लावल्याशिवाय विमान हातातून सोडू नका.