दुसऱ्या दिवशीची वाइन

प्रश्न: नाशिकहून आणलेली शिराझ ही रेड वाइन उघडल्या उघडल्या तुरट लागली, जीभ कोरडी पडली. उरलेली दुसऱ्या दिवशी चक्क छान! बाटली खराब होती का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: खराब नव्हती हो, कोवळी होती. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तसंच, ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य. हवा लागली की कोंदट वास उडतो, फळाचा, मिऱ्याचा वास वर येतो, तुरटपणाही बोथट वाटतो. मी पेला भरून तासभर विसरते. (नवऱ्याला हे जमत नाही.) बाटलीत मुरायला मात्र वर्षं लागतात: टॅनिन एकमेकांना चिकटून तळाशी गाळ बसतो, जांभळा रंग विटकरी होतो. माझ्याकडची 10 वर्षांची कॅबर्ने (तीही रेड वाइनच) उघडल्यावर अर्ध्या तासात मलूल झाली. जुनीला फार हवा सोसत नाही. तुमची तिसऱ्या दिवशी उरलीच, तर मटणात घाला.