मिनिएचरची आर्मी हप्त्यावर घ्यावी का?

मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. हाती येणारा पगार ५८,००० रुपये, एसआयपी ५,००० रुपये, ‘वॉरहॅमर ४०,०००’ (आकडा नावाचाच भाग) या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या मिनिएचरवर, म्हणजे जोडून रंगवायच्या छोट्या आकृत्यांवर, दरमहा सुमारे ७,००० रुपये खर्च आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी ४८,००० रुपये. कपाटात सहा खोकी न उघडता पडून आहेत. ९०,००० रुपयांची नवी आर्मी, म्हणजे खेळायला लागणारा आकृत्यांचा पूर्ण संच, बारा हप्त्यांवर घ्यावी, की आकृत्या घरीच छापायला रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते सध्या दोन्ही घेऊ नयेत. छंद मात्र सोडू नये. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाने संध्याकाळी बोटभर उंचीची आकृती मन लावून रंगवावी, यात उधळपट्टी कुठेच नाही.

पैसा गळतो आहे तो कार्डातून. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर ४८,००० रुपयांवर १,६८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास दोन हजार रुपये दरमहा जातात. शिवाय पूर्ण थकबाकी भरलेली नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे ज्या खोक्यातील एकही सुटा भाग अजून कापलेला नाही, त्याचेही व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते. म्हणून एसआयपी काही महिने थांबवा, ते ५,००० आणि छंदाच्या रकमेतील ५,००० कार्डात भरा. नवी खरेदी थांबवली, तर सहाव्या महिन्यात कार्ड मोकळे होईल. कार्डाच्या व्याजाला पुरून उरेल असा भरवशाचा परतावा कोणताही फंड देत नाही, म्हणूनच एरवी कधी न देणारा हा सल्ला येथे देतो आहे.

उरलेल्या २,००० रुपयांत रंग, ब्रश आणि प्रायमर (रंगाआधी फवारायचे अस्तर) भागतात, आणि सहा खोकी सहा महिन्यांना पुष्कळ झाली. मात्र मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर प्रायमर मारू नका. नागपूरच्या उन्हात तो हवेतच सुकून आकृतीवर खरखरीत बसतो. ते काम पहाटे उरकावे.

आर्मीबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. या खेळाच्या नव्या आवृत्त्या २०१७, २०२० आणि २०२३ साली आल्या. दर खेपेस नियम आणि आकृत्यांचे गुण बदलतात, त्यामुळे हप्ते फिटण्याआधीच निवडलेली आकृत्यांची जुळणी खेळात कमकुवत ठरू शकते. माल ब्रिटनमधून थेट मागवल्यास पौंडाचा दर, सीमाशुल्क, आयजीएसटी, कुरिअरचे शुल्क आणि कार्डाचे परकीय चलन शुल्क हे सारे धरूनच किंमत मोजावी. मोठ्या आर्मीऐवजी किल टीम हा याच खेळाचा छोटा प्रकार खेळलात, तर थोड्याच आकृत्यांत पूर्ण डाव होतो.

प्रिंटर स्वस्त वाटतो, पण रेझिन, धुण्याचे अल्कोहोल, हातमोजे आणि हवेशीर स्वतंत्र जागा यांचा खर्च मागोमाग येतो. खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या आकृत्यांच्या नकला छापणे हा स्वामित्वहक्काचा भंगही ठरतो. कार्ड फिटल्यावर एसआयपी पूर्ववत करा, छंदासाठी दरमहा ३,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका आणि पुढचे खोके त्याच खात्यातून, रोखीने घ्या.