'डटी रॉक' बियॉन्सेमुळे चालला? आधी तारखा बघा

प्रश्न असा होता: जमैकन गायक शॉन पॉलचा 'डटी रॉक' हा अल्बम अमेरिकेत एवढा कसा खपला, आणि बियॉन्सेची साथ नसती तर खपला असता का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण हे ऐकून ऐकून कान किटलेत. अल्बम आला नोव्हेंबर 2002 मध्ये. त्यातलं 'गिमी द लाइट' बिलबोर्डच्या अमेरिकी गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. 'गेट बिझी' मे 2003 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि तीन आठवडे तिथून हललं नाही. बियॉन्सेबरोबरचं 'बेबी बॉय' पहिलं आलं ते ऑक्टोबरमध्ये. ती येईपर्यंत वरात दारात पोचली होती.

आता खरी गोष्ट. 'गेट बिझी' ज्या रिदमवर आहे त्याचं नाव 'दिवाळी'. हो, आपलीच. बनवला जमैकातल्या किंग्स्टनच्या स्टीव्हन 'लेन्की' मार्सडेनने. रिदम म्हणजे गायकाचा आवाज सोडून बाकी सगळं संगीत, आणि जमैकात तो एकट्या गायकाच्या मालकीचा नसतो. निर्माता तोच ट्रॅक दहा-वीस जणांना गायला देतो. तेव्हा सात इंची तबकडीच्या एका बाजूला गाणं असायचं, दुसऱ्या बाजूला नुसता रिदम. डीजे दोन टर्नटेबलवर एकामागून एक आवाज बदलत जायचा. ठेका तोच, त्यामुळे नाचणाऱ्याचा पाय थांबायचा नाही.

'हा तर आळशीपणा, एकाच चालीवर सगळी गाणी' म्हणणाऱ्यांनी 2003 चा उन्हाळा आठवावा. वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' त्याच 'दिवाळी'वर आणि अकराव्या क्रमांकापर्यंत. न्यूयॉर्कच्या लुमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू' त्याच 'दिवाळी'वर आणि तिसऱ्यापर्यंत. एका गाण्याने कान तयार केला की दुसऱ्याला अर्धी वाट आयती मिळते. तिन्ही लागोपाठ लावा, प्रत्येकाचे पहिले तीस सेकंद. टाळ्या सरळ मात्रेवर पडत नाहीत, मधल्या फटीत पडतात. शॉन पॉल त्या टाळ्यांना खेटून शब्द फेकतो, वेन वंडर त्यांच्यावरून लांब सूर ओढत नेतो. याला आळस म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

याची दुसरी बाजू अशी की डान्सहॉलचा, म्हणजे रेगेतून निघालेल्या या जमैकन नाच-संगीताचा, धंदा सुट्या गाण्यांवर चालतो, त्यामुळे अल्बम बहुतेकदा गोळाबेरीज होतो. 'डटी रॉक'मध्येही तेच आहे: 'गिमी द लाइट' मायामीच्या ट्रॉयटन रामीचं, 'लाइक ग्लू' टोनी केलीचं, प्रत्येकाचा रिदम वेगळा. पण एक सिंगल उतरू लागलं की दुसरं तयारच असायचं.

एक मात्र मान्य: नुसत्या रिदमवर एवढी मजल गेली नसती. अल्बममागे दोन रेकॉर्ड कंपन्या होत्या. न्यूयॉर्कच्या व्हीपी रेकॉर्ड्सला रेगेची दुकानं आणि डीजे पाठ होते. अमेरिकाभरचं रेडिओ आणि व्हिडिओचं जाळं दुसरीचं, अटलांटिक रेकॉर्ड्सचं. शिवाय 2001 मध्ये जमैकन गायक शॅगीच्या 'हॉट शॉट'ने अल्बमच्या यादीत पहिला क्रमांक काढून दार किलकिलं केलं होतंच. 2004 चं रेगे अल्बमचं ग्रॅमी 'डटी रॉक'ला मिळालं, पण तोवर विक्री होऊन गेली होती.