ससा फार जाड झालाय, त्याचं एक वेळचं खाणं बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की ससा अडीच वर्षांचा आहे, डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ एवढंच सांगून पाठवलं आणि आता रात्रीचं खाणं बंद करावं का असा प्रश्न पडलाय. आधी तेवढ्याचं उत्तर देतो: अजिबात बंद करू नका. सशाला एकादशी चालत नाही. त्याचं आतडं सारखं चालू राहावं लागतं. पोट रिकामं राहिलं की ते मंदावतं, गॅस धरतो, आणि ससा जाड असेल तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते. त्यात ससे दगावतात. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही.

आता आमच्या चिकूचं सांगतो. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. चिकू तीन वर्षांचा असताना ३ किलो २०० ग्रॅमचा झाला होता. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट घरी येणारा प्रत्येक जण ‘काय गुबगुबीत आहे’ म्हणायचा. एक दिवस उचलला तर मागच्या बाजूला केसांत मऊ, चिकट, द्राक्षाच्या बारक्या घोसासारखी घाण लडबडलेली. मला वाटलं जुलाब. ते जुलाब नव्हते. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो: एक कोरडी गोल, आणि दुसरी ही मऊ, जी तो स्वतःच तोंड लावून लगेच खातो. किळस करू नका, त्याला बरीच जीवनसत्त्वं तिच्यातूनच मिळतात. आमच्या साहेबांचं पोट इतकं सुटलं होतं की तोंड तिथवर पोचतच नव्हतं. पावसाळ्यात अशा घाणीवर माशा बसतात, अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून रोज एकदा उचलून मागची बाजू बघत जा.

नुसत्या वजनावरून मात्र घाबरू नका. लाल डोळ्यांचे मोठे पांढरे ससे चार-साडेचार किलोचेच असतात, बुटक्या जातीला दीड किलोही पुष्कळ. बरगड्या चाचपून बघा. पातळ पंचाखाली काड्या ठेवल्यासारख्या बोटांना लागल्या तर ठीक. सोलापुरी चादरीखाली शोधाव्या लागत असतील तर तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. मादी असेल तर गळ्याखाली बऱ्याचदा कातड्याची पोळी असते, ती जाडीत धरू नका.

चिकू काय खायचा? रोज लसूणघासाची (जनावरांना घालतात तो हिरवा चारा) पेंडी, वाटीभर पॅलेट (सशांचं तयार गोळी-खाद्य), भिजवलेले हरभरे, गाजर. आणि आईच्या हातची कडक भाकरी. भाकरी मोडल्याचा ‘कट्’ आवाज आला की हा पलंगाखालून सुसाट बाहेर. आई म्हणायची, ‘बघ की कसं खायलाय, मुक्या जिवाला नाही म्हणू नये.’

यातलं भाकरी, हरभरे, बिस्कीट, शेंगदाणे हे सगळं बंद. लसूणघास सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला चांगला, पण मोठ्या सशाला त्यातलं प्रोटीन आणि कॅल्शियम जास्त होतं, लघवीत गाळ धरतो. पॅलेट वजनाच्या किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमच्या वर नको. आमचं जवळपास १०० ग्रॅम चाललं होतं, ते महिनाभरात हळूहळू ४० वर आणलं. मका आणि सूर्यफुलाच्या बिया मिसळलेलं रंगीत खाद्य मिळतं ते घेऊच नका, ससा त्यातलं गोड तेवढं निवडून खातो. गाजर आणि केळं म्हणजे त्याची मिठाई, आठवड्यातून बोटाच्या पेराएवढी.

मग पोट भरायचं कशानं? गवतानं. ताटातला ऐंशी टक्के भाग वाळलेलं गवत, दिवसरात्र समोर, हवं तेवढं. त्यानं दातही झिजतात, सशाचे दात जन्मभर वाढत असतात. टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं, पण ते परवडेना, म्हणून मी ओळखीच्या गवळ्याकडून मारवेल गवत घेतो आणि गच्चीवर सावलीत वाळवतो. कडक उन्हात वाळवलं की पिवळं पडून वास जातो. कुबट वास आला तर सरळ फेकायचं. हराळीही चालते, फक्त तणनाशक मारलेल्या बांधावरची नको. आपल्याकडे फुकट मिळतात म्हणून उसाचे वाढे (शेंड्याची पानं) टाकू नका, त्यात ऑक्झलेट नावाचं अपायकारक द्रव्य असतं. कोवळी ज्वारी तर मुळीच नको. जनावरांना किराळ लागते (विषबाधा होते) ती त्यातल्याच विषानं. भाजीत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला रोज मूठ-दोन मूठ. पालक कधीतरी. नवीन पाला एका वेळी एकच सुरू करा आणि लेंड्या पातळ होतात का ते बघा.

पहिले चार दिवस चिकूनं गवताकडे पाठ फिरवली. मी पॅलेट वाटीत द्यायचं बंद करून गवतातच विखरून दिलं. शोधताना गवत आपोआप तोंडात जातं. पिंजराही संध्याकाळी तीन-चार तास उघडा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा त्याला दुपारी पळवू नका; जाड सशाला ऊन पटकन बाधतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि पसरट भांड्यात पाणी ठेवा.

वजन दर रविवारी, एकाच वेळी. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला त्याला काट्यावर ठेवू देतो, मुलं जमतात. आठवड्याला २५-३० ग्रॅम उतरलं की पुरे. आम्हाला पाच महिने लागले, आता २ किलो ६५० वर आहे आणि मागची बाजू स्वच्छ.

सगळ्यात अवघड आईचं होतं. ‘देऊ नको’ म्हटल्यावर लपून द्यायची. मग मी गवत वाळवायचं काम तिच्याकडेच सोपवलं. आता भाकरी मोडली की ती कोथिंबिरीच्या दोन काड्या खाली धरते. चिकू अजूनही तसाच पळत येतो. त्याला भाकरीशी नाही, त्या आवाजाशी देणंघेणं होतं म्हणायचं.