क्लबच्या छोट्या एअर पिस्तूल स्पर्धेतही अधिकृत नियम इतके काटेकोरपणे का लावतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातल्या एका क्लबच्या रविवारच्या १० मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत आपण पहिल्यांदाच उतरलात, तपासणीच्या टेबलावर आपल्या पिस्तुलाच्या ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन पेलले नाही म्हणून ते परत देण्यात आले, उजव्या मनगटावरचे घड्याळ काढायला लावले गेले, आणि एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या तीस-चाळीस जणांच्या स्पर्धेत ऑलिंपिकचे नियम लावण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे आपल्याला वाटले. माझ्या मते याचे कारण आपल्या प्रश्नातच आहे. सगळे एकमेकांना ओळखतात म्हणूनच तो करावा लागतो.

मी ठाण्यातच राहतो, पंधरा-सोळा वर्षे एअर पिस्तूल खेळतो, राज्य स्पर्धेच्या पुढे कधी गेलो नाही, आणि अलीकडे क्लबच्या स्पर्धांमध्ये रेंज ऑफिसरच्या, म्हणजे रेंजवर आज्ञा आणि निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली मदतीला उभा असतो. माझे हे मत पुस्तक वाचून झालेले नाही, एका जुन्या प्रसंगातून झाले आहे. स्पर्धा एका क्लबचीच होती, कागदी कार्डांवरची, एका कार्डावर एकच शॉट. शेवटच्या सिरीजमध्ये, म्हणजे दहा शॉटच्या गटात, माझा एक शॉट स्वतःच्या कार्डावर न जाता शेजारच्या लेनच्या कार्डावर गेला. याला आपण क्रॉस फायर म्हणतो. शेजारी बारावीतला एक मुलगा उभा होता. त्याच्या कार्डावर दोन भोके, एक दहाचे आणि एक आठचे. माझे कार्ड कोरे. आपला शॉट कोणता हे त्याला सांगता येईना आणि खरे तर मलाही येईना. रेंज ऑफिसर माझे जुने स्नेही. त्यांनी क्षणभर विचार केला, ‘‘काकांचा हात बसलेला आहे, दहा त्यांचाच असणार,’’ असे म्हणून दहा माझ्या नावावर आणि आठ त्या मुलाच्या नावावर मांडले. मी गप्प राहिलो. मुलाचा तिसरा क्रमांक एका गुणाने गेला.

नियम काय सांगतो ते मी घरी आल्यावर पाहिले. दुसऱ्याच्या टार्गेटवर गेलेला स्पर्धेतला शॉट हा मारणाऱ्याच्या खाती शून्य असतो, आणि ज्याच्या कार्डावर असा उपरा शॉट येतो त्याला, कोणते भोक त्याचे हे ठरवता येत नसेल, तर त्यांतले जास्त गुणांचे भोक मिळते. म्हणजे मला शून्य आणि त्या मुलाला दहा. आम्ही केले ते नेमके उलटे होते, आणि कोणाच्याही मनात खोट नव्हती. स्नेह्यांना मी नंतर सांगितले, पण तोवर बक्षिसे वाटून झाली होती. तो मुलगा आजही भेटला की ‘काका’ म्हणतो आणि मला ते थोडे टोचते.

मोठ्या स्पर्धेत ज्युरीवरचा माणूस आपल्याला ओळखत नसतो, त्यामुळे त्याला भीड पडण्याचा प्रश्नच येत नाही. क्लबमध्ये मात्र निर्णय देणारा आपल्याच सोसायटीतला असतो, शेजारच्या लेनवर चिटणीसांची मुलगी असते, आणि वयाचा, ओळखीचा, आदल्या दिवाळीतल्या रुसव्याफुगव्यांचा भार प्रत्येक निर्णयावर नकळत येतो. लिहिलेला नियम समोर असला की हा भार रेंज ऑफिसरला बाजूला ठेवता येतो. शिवाय तो नियम जितका आपल्याला बांधतो तितकाच त्यांनाही बांधतो. आपल्या घड्याळाचेच पाहा. पिस्तूल धरणाऱ्या हातावर घड्याळ, कडे, मनगटपट्टा असे आधाराचा संशय येईल असे काहीही चालत नाही, कारण एअर पिस्तूल एका हाताने आणि मनगटाला कोणताही आधार न देता मारायचे असते. आपले घड्याळ उजव्या हातात होते, त्यामुळे ते काढायला लावणे बरोबरच होते. ते डाव्या हातात असते आणि तरीही काढायला सांगितले असते, तर आपल्याला नियमावर बोट ठेवून नाही म्हणता आले असते.

आता ट्रिगरविषयी, कारण आपला खरा राग तिथे आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे तो सुटायला निदान तेवढा जोर लागावा लागतो, पिस्तुलाचे वजन सगळ्या जोडण्यांसह १५०० ग्रॅमच्या आत असावे लागते आणि ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावे लागते. ट्रिगर जितका हलका तितका तो ओढताना नेम कमी हलतो, म्हणून या मर्यादेवर सगळे अडलेले असतात. एकाला ४८० ग्रॅमची सूट दिली तर उरलेल्यांनी ५०० का पाळायचे? आपण लिहिता की घरी स्प्रिंगच्या काट्यावर ट्रिगर ५१० दाखवत होता. काटा बहुधा खोटे बोलला नसेल. ट्रिगर एका खिळीभोवती फिरतो, आणि त्या खिळीजवळ आकडा अडकवून ओढले की जास्त जोर लागतो, टोकाकडे अडकवले की कमी. अधिकृत तपासणीत नळी उभी धरून वजन ट्रिगरच्या साधारण मध्यावर अडकवतात आणि ते टेबलावरून अलगद उचलले जाते की ट्रिगर सुटतो एवढेच पाहतात. आपण घरी आकडा वरच्या बाजूला लावला असेल तर दहा ग्रॅमचा फरक पडणे अगदी सहज शक्य आहे. तपासणीत तीन प्रयत्न मिळतात आणि पिस्तूल परत दिले तरी स्क्रू फिरवून पुन्हा आणता येते, हे आपल्याला तेव्हाच कोणीतरी नीट सांगायला हवे होते. ते सांगितले नाही ही मात्र आयोजकांची चूक आहे आणि त्याबद्दल आपली तक्रार रास्त आहे. सामन्यानंतर अचानक केलेल्या तपासणीत ट्रिगर हलका निघाला तर थेट अपात्र ठरवले जाते, त्या मानाने सामन्याआधी अडलेले बरे.

सुरक्षेच्या नियमांबद्दल मी चर्चाच करणार नाही, एवढेच सांगतो की तिथे क्लब आणि ऑलिंपिक असा भेद नाही. एअर पिस्तुलाला पुष्कळ नवे लोक खेळणे समजतात. साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा पेलेट सेकंदाला साधारण दीडशे मीटरच्या वेगाने निघतो आणि डोळा घालवायला तेवढे पुरते. पिस्तूल केसमधून बाहेर आले की नळीत पूर्ण लांबीची सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी दोरी), नळीचे तोंड कायम टार्गेटकडे, आणि कोणी कार्ड लावायला पुढे गेले असेल तर पिस्तुलाला हातसुद्धा लावायचा नाही, फ्लॅग असली तरी नाही. ‘स्टॉप’ म्हटल्यावर सुटलेला शॉट शून्य धरतात तेव्हा लोक एका सेकंदावरून वाद घालतात, पण ती आज्ञा एका सेकंदाने पाळण्याची सवय हीच तर रेंजवर सर्वांना जिवंत ठेवते.

क्लबला काहीच बदलता येत नाही असे मात्र नाही. अधिकृत सामना पुरुष आणि महिला दोघांनाही ६० शॉटचा असतो (महिलांना २०१७ पर्यंत ४० असत), सुरुवातीला तयारी आणि सायटिंगसाठी, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटसाठी, १५ मिनिटे आणि मग इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ किंवा कागदी कार्डांवर ९० मिनिटे. आठ लेनच्या रेंजवर चाळीस जणांना एका रविवारात एवढे देणे अवघडच आहे, म्हणून क्लब ४० शॉटचा सामना ठेवतात, अंतिम फेरी घेत नाहीत, वयाचे गट स्वतःच्या सोयीने पाडतात. यात काही गैर नाही. अट एकच, की हे सारे आधी लिहून फलकावर लावलेले असावे आणि पहिला शॉट सुटल्यावर त्यात कानामात्रेचाही बदल होऊ नये. मी पाहिलेली बहुतेक भांडणे सामना आखूड केल्यामुळे झाली नाहीत, मध्येच कोणाला तरी पाच मिनिटे वाढवून दिल्यामुळे झाली.

वेळेचा विषय निघाला म्हणून आमच्याकडचे एक खास दुखणे सांगतो, ते म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक. उशिरा आलेल्या नेमबाजाला खेळता येते, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. उशीर त्याच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे सिद्ध झाले तरच ज्युरी वेळ देऊ शकते. दर वेळी कल्याण-डोंबिवलीकडचा कोणीतरी धापा टाकत येतो आणि मेगाब्लॉक हे हाताबाहेरचे कारण असल्याचे सांगतो. ब्लॉकचे वेळापत्रक शनिवारच्या वर्तमानपत्रात छापून येते, त्यामुळे मी मानत नाही. मात्र गाडी मध्येच बंद पडली, रूळ पाण्याखाली गेले, तर मानतो. पावसाळ्याची आणखी एक पीडा म्हणजे दमट कार्ड. कोरड्या कार्डावर पेलेट गोल भोक पाडतो, ओल्या कार्डावर कागद फाटतो, आणि मग भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला लागली की नाही यावरून डोकी एकत्र येतात. भोक रेषेला लागले तर वरचे गुण, हा नियम साधा आहे, पण तो डोळ्यांनी ठरवायचा नसतो. संशय आला की गेज, म्हणजे भोकात बसवून पाहायचे मापाचे साधन, घालायचे आणि ते काय दाखवते ते मान्य करायचे. दहाचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे असल्यामुळे गेज नाकारणाऱ्या क्लबमध्ये मी तरी खेळणार नाही.

आपल्या साहित्यातल्या बिघाडाला घड्याळ थांबत नाही, हाही नियम लोकांना क्रूर वाटतो. टोकियोत २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असताना बिघाड झाला, दुरुस्तीत गेलेली मिनिटे तिला परत मिळाली नाहीत, आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या क्रमांकावर राहिली. अंतिम फेरीत पहिल्या आठच जणी जातात. २०२४ साली पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने २२१.७ गुणांवर कांस्यपदक घेतले, तेही ०.१ गुणाने रुपेरी संधी हुकून. बिघाड टार्गेटच्या यंत्रात झाला तर गोष्ट वेगळी असते: तीन मिनिटांहून अधिक खोळंबा झाला तर तो वेळ भरून मिळतो, आणि पाच मिनिटांहून अधिक झाला किंवा लेन बदलावी लागली तर वर आणखी पाच मिनिटे आणि पुन्हा सायटिंग मिळते. वीज गेली की आमच्याकडे हे नेहमी लागू पडते, म्हणून ते प्रत्येक नवख्याने माहीत करून घ्यावे. मागितल्याशिवाय कोणी देईलच असे नाही.

आपल्याला पुढे राज्य स्पर्धेत उतरायचे आहे असेही आपण लिहिले आहे. तिथे, आणि त्यापुढे अखिल भारतीय मावळणकर स्पर्धेत, कोणीही आपल्याला समजावत बसणार नाही. ज्यांच्या नावाने ती स्पर्धा भरते ते गणेश वासुदेव मावळणकर १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष होते आणि लोकसभेचेही पहिले अध्यक्ष होते. नियमावर बोट ठेवून सभागृह चालवणाऱ्या माणसाचे नाव या खेळाला लाभावे हा योग मला नेहमी गमतीचा वाटतो. तिथे पिवळे कार्ड म्हणजे ताकीद, लाल म्हणजे अपात्रता आणि हिरवे म्हणजे गुणवजावट. तीन हात नाक्याच्या सिग्नलवर रोज थांबणाऱ्या माणसाला हिरव्याचा हा अर्थ अंगवळणी पडायला वेळ लागतो.

पुढच्या स्पर्धेपूर्वी एवढे करा. ट्रिगर ५०० वर न ठेवता ५२० ते ५३० च्या दरम्यान ठेवा. हातात तो फरक दोन-तीन सराव सत्रांनंतर जाणवतही नाही. क्लबकडे चाचणीचे वजन असतेच, आदल्या आठवड्यात ते मागून घ्या आणि दाबाखालच्या हवेचा सिलिंडर लावून, पिस्तूल कॉक करून (मारण्यासाठी सज्ज करून), नळी उभी धरून स्वतः तपासा. सिलिंडरवरची तारीखही त्याच वेळी पाहा, दहा वर्षांच्या पुढचा सिलिंडर वापरू नका. घोट्याचे हाड झाकणारे बूट घालू नका, पिस्तुलाच्या स्पर्धेत ते चालत नाहीत. एखादा निर्णय पटला नाही तर लेनवर वाद न घालता पिस्तूल रिकामे करून, फ्लॅग लावून खाली ठेवा, रेंज ऑफिसरला हात करून बोलवा आणि कोणत्या नियमाने हा निर्णय दिला एवढेच विचारा. गुणांबद्दल हरकत असेल तर तात्पुरता निकाल लागल्यावर मुदत दहाच मिनिटांची असते, तेव्हा मिसळ खायला बाहेर पडण्याआधी फलक वाचून घ्या.